नाव कुणाचं, हे मी विचारलंच नाही

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

मी फौजदार होतो तेव्हा पडेगावचा एक माणूस आमच्या पोलीस ठाण्यात आला. चिकलठाण्याला कारखान्यात सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं नीटस. म्हणाला, घराचं खरेदीखत कपाटातून चोरीला गेलंय आणि संशय वडिलांवर आहे. मी अर्ज घेतला. शेजाऱ्याकडून कळलं की म्हातारा चार दिवसांपूर्वी पिशवी घेऊन दौलताबादला बहिणीकडे गेला होता. झालं, मला तेवढं पुरेसं होतं.

म्हाताऱ्याला बोलावून सकाळपासून बाकड्यावर बसवलं. दुपारपर्यंत तो तोंड उघडेना. माझा आवाज चढला. "बाबा, पोटच्या पोराच्या घरात चोरी करता, लाज वाटत नाही?" सगळ्या स्टाफसमोर बोललो मी हे. तो एवढंच म्हणाला, "आणून देतो साहेब. म्हातारीला तेवढं इथं बोलवू नका."

हवालदार त्याच्यासोबत गेला. बहिणीच्या घरी ज्वारीच्या कोठीतून कागद निघाले. जबाबात कागदाचं वर्णन लिहावं लागतं, म्हणून मी खत उघडलं. खरेदी घेणार म्हणून नाव म्हाताऱ्याचंच होतं! स्वतःच्या घराच्या कागदासाठी मी त्याला अर्धा दिवस चोर म्हणून बसवलं होतं. कुणाच्या नावावर घर आहे, हा पहिला प्रश्न, आणि तोच मी पोराला विचारला नव्हता.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर लेकराला आत बसवलं असतं तुम्ही. घर त्याच्या नावावर करायचं बक्षीसपत्र तयार करून आणलंय त्यानं. सही केली तर आम्ही दोघं जावं कुठं? पण त्याला नाय म्हणायला माझी जीभ रेटत नाय. कागुदच सापडला नाय, तर नाय म्हणायची पाळी येत नाय."

मी खत त्याच्या हातात दिलं. पोराला बोलावून खरमरीत झापलं. ज्येष्ठांसाठी प्रांत कार्यालयात दाद मागता येते, तो अर्जही म्हाताऱ्याला लिहून दिला. त्याने घडी करून खिशात घातला, पण दिला नसणार. जाताना मलाच हात जोडून म्हणाला, तुम्हाला लई तरास झाला.

शरम तेवढीच असती तर पचली असती. त्याच उन्हाळ्यात मी आमची जमीन वडिलांकडून माझ्या नावावर करून घेतली होती. ते लगेच हो म्हणाले होते, आणि त्याचं मला कौतुक होतं. त्या रविवारी गावी गेलो आणि वडिलांना विचारलं, दादा, तुमच्या मनात होतं का द्यायचं?

 अंगणाकडे बघत ते म्हणाले, "तू मागितली व्हती ना."