घरी ने, भिजत घाल, मग बोल

"घरी ने. भिजत घाल. मग बोल."

बाईंच्या घराला कोणी मातीचं घर म्हटलं, की बाई वाद घालायच्या नाहीत. पायरीशेजारी रचलेल्या थप्पीतली एक वीट उचलायच्या, समोरच्याच्या हातात ठेवायच्या आणि हे तीन हुकूम सोडायच्या. कडधान्य घालतात तशी वीट बादलीत भिजत घालायची आणि सकाळी तपासायची. चर्चच्या फादरांचीही यातून सुटका झाली नाही. "न्या, फादर, भिजत घाला," एवढाच काय तो जादा मान. फादर बिचारे सायकलच्या कॅरिअरला वीट बांधून गेले.

आमच्या शाळेत बाई कार्यानुभव शिकवायच्या आणि मी भूगोल. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी आचोळ्यातल्या एका इमारतीत येऊन पडलेली. बाई जवळच्या उमेळे गावच्या, पिढ्यान्‌पिढ्या केळीची वाडी करणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलं नव्हतं. तोंड मलाही होतं आणि त्यांनाही, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण चाखून मी विचारलं, "बाई, मसाल्यात काय काय घालता हो?"

"मिरची."

"आणि?"

"आणि काय? खा गुपचूप."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. उमेळ्यात एकेक वाडी जात होती आणि केळीच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. अशात बाईंचं जुनं कौलारू घर एका पावसात मागच्या अंगाने बसलं. बाईंनी आपला संसार वाडीतल्या पंपाच्या खोलीत हलवला. थोरला भाऊ गावात वेगळा राहायचा. माणूस वाईट नव्हता, पण बिल्डरचा माणूस रोज त्याच्या ओटीवर येऊन बसायचा. वाडी दोघांच्या नावावर होती, त्यामुळे बाईंच्या सहीवाचून सगळं अडलं होतं.

एका रविवारी भाऊ वाडीत आला तेव्हा मी तिथेच होते. भाऊबहीण त्यांच्या बोलीत भांडायचे. त्यातलं मला निम्मं कळायचं, तेव्हा इथे लिहिते ते माझ्या मराठीत.

"सही कर," भाऊ म्हणाला. "दोघांनाही फ्लॅट मिळेल. तुझ्या पगारात घर उभं राहणार आहे का?"

"राहील."

"कशाचं? मातीचं?"

"हो, मातीचं!" बाई म्हणाल्या आणि पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढला.

शाळेची सहल घेऊन बाई एका विज्ञान प्रदर्शनाला गेल्या होत्या. मुलं भेळ खात होती आणि बाई हाताने विटा दाबायच्या यंत्रापुढे खिळून उभ्या होत्या. तिथे तो कागद फुकट वाटत होते. यंत्राचं चित्र, सगळी मापं आणि खाली एक ओळ: कोणीही बनवा, सुधारा आणि पुढे द्या. माती, रेती आणि जरासं सिमेंट पेटीत भरायची, झाकण लावायचं आणि लांब दांड्यावर लोंबकळायचं. भट्टी नको, जळण नको, विटांचा ट्रकही नको.

भाऊ हसला. मग भावाबहिणीचा करार झाला. पावसाच्या आत छप्पर चढलं आणि पाऊस काढून भिंती टिकल्या, तर वाडी विकायची नाही. नाहीतर बाईंनी मुकाट सही करायची. मी मध्ये पडून म्हटलं, "बाई, वेड लागलंय का तुम्हाला?" त्यांनी पदर खोचला.

आचोळ्यात आमच्या इमारतीमागे एका ग्रिलवाल्याचा गाळा होता. त्याने कागद बघून यंत्र जोडून दिलं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की यंत्र कोणा उंच पुरुषाच्या बेताने आखलेलं आहे. आम्ही दोघी दांड्यावर लटकलो तरी ते हलेना. बाईंनी वाडीतला पाण्याचा जुना पाइप आणला, दांड्यात सरकवून दांडा लांब केला आणि त्यावर आपला भार टाकला. ठक्क! रेखीव कडांची वीट वर आली.

"बघ," बाई धापा टाकत म्हणाल्या, "एवढं वजन वाढवलं ते कामाला आलं की नाही?"

भाऊ बघायला आला. थप्पीतली एक वीट त्याने उचलली, बहिणीच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ही घरी ने, भिजत घाल, मग बोल माझ्याशी." घरी ने म्हणाला, आणि घर तर नव्हतंच. मला असा राग आला म्हणता! बाईंनी मात्र वीट घेतली आणि पंपाच्या खोलीत बादलीत टाकली.

सकाळी बादलीत पिठलं झालं होतं. सगळ्या विटांची तीच गत होणार, हे उघड होतं. मला रडू आलं. बाईंनी त्या चिखलात बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"खारट," त्या म्हणाल्या. "रेती खाडीची दिली मेल्याने. आणि आपण घाई केली. मुरू द्यायला हवं होतं."

त्या दिवसापासून रेतीची प्रत्येक खेप बाई आधी चाखायच्या. रेतीवाला कपाळाला हात लावायचा. पायासाठी खणलेली माती चाळायची, तिचा ओला लाडू वळून खाली टाकायचा. लाडवाचा पसरट गोळा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. सिमेंट वाढवा म्हणून मी भुणभुण लावली तर म्हणाल्या, "सिमेंट म्हणजे मिरची. ओतली म्हणून कालवण चांगलं होतं का?" नव्या विटा त्यांनी केळीच्या पानांखाली झाकल्या आणि रोज पाणी शिंपडून नीट मुरू दिल्या. सुट्ट्या लागल्या, निम्मी शाळा वाडीत राबायला आली. शिपाईमामा माती चाळायचे, मुख्याध्यापकांनी दांड्यावर लटकून धोतर फाडून घेतलं. जुन्या घराचा दगड पायाला गेला, जुनी कौलं छपरावर चढली. मृगाच्या तोंडावर शेवटचं कौल बसलं.

त्याच दिवशी भावाने एक वीट दोरीला बांधून बावखलात सोडली. वाडीतल्या तळ्याला तिकडे बावखल म्हणतात. "ही आता पाऊस संपल्यावरच काढायची," त्याने बजावलं.

त्या वर्षी पावसाने काही कसर ठेवली नाही. माझ्या घरात बसून मला झोप लागायची नाही आणि बाई त्या घरात घोरत होत्या म्हणे. पाऊस सरल्यावर भाऊ आला. आधी कोयत्याच्या टोकाने भिंत टोकरली. मग बावखलाशी जाऊन दोरी ओढली. शेवाळलेली वीट वर आली. त्याने ती धुतली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली आणि पायरीच्या दगडावर आपटली. विटेचा एक कोपरा उडाला. बस्स, एक कोपरा!

भाऊ पायरीवर बसला. वीट मांडीवर घेतली. मग म्हणाला, "त्या बिल्डरच्या माणसाला मी सांगतो. वाडी विकायची नाही."

मी तर टाळ्याच पिटल्या. बाई म्हणाल्या, "हात धुऊन घ्या, कालवण गार होतंय." आणि भावाच्या ताटात दोन बोंबील जास्त वाढले.

मग लोक यायला लागले. निर्मळचा फुलवाला आला आणि यंत्र घेऊन गेला. मिठागराकडची एक बाई आली. "बाय, लाडू फुटतो गं माझा, पानी कमी पडतं का?" असं विचारून तीही शिकून गेली. भाड्याच्या खोल्यांत पिचलेली माणसं आपल्या भिंती आपण दाबायला लागली. ग्रिलवाल्याला मात्र धंदा हातचा जाईल म्हणून घाम फुटला. "मॅडम, ये नकाशा किसीको मत दो ना," तो म्हणाला, "आपण दोघंच बनवू, दोघंच विकू."

"मला फुकट मिळालं ते मी विकू?" बाई म्हणाल्या. त्यांनी लांब दांड्याची सुधारणा कागदावर काढली, प्रदर्शनवाल्यांना टपालाने कळवली आणि शंभर झेरॉक्स मारून चर्चबाहेर वाटल्या. वर ग्रिलवाल्याला एक वीट दिली. पुढे त्यानेही त्याच विटांचं घर बांधलं.

मी संधी साधली. "मग मसाल्याची कृतीही द्या की!"

"ती नाही."

"का? यंत्र सगळ्या गावाला आणि मसाला मला एकटीलासुद्धा नाही?"

"कागदावर लिहिलंय, पुढे द्या. आईने मसाला दिला तो गप्प बस म्हणून दिला. देणाऱ्याने सांगितलं तसं वागायचं."



निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाई गेल्या, त्याच घरात, आपल्या पलंगावर. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानात मसाला सांगितला. वर "गप्प बस" म्हणाल्या. मी गप्प आहे. तुम्ही कितीही विचारा.

महिन्याच्या मिस्साला, बाईंसाठीच्या प्रार्थनेला, आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो होतो. तेवढ्यात एक तरुण जोडपं फाटकातून आत आलं. बाई गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याने भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "इथेच मातीचं घर बांधायला शिकवतात ना? पावसात टिकतं का हो?"

 म्हातारा भाऊ काठी टेकत उठला. थप्पीशी गेला, वीट उचलली आणि त्या पोराच्या हातात ठेवली.

"घरी ने," तो म्हणाला. "भिजत घाल."

पुढचं सांगायच्या आधी त्याने आमच्याकडे वळून बघितलं. मग ओटीवरचे आम्ही सगळे, फादरांसकट, एका सुरात ओरडलो, "मग बोल!"