सोनुने सर आणि पापण्यांचा अभ्यास

प्रा. माणिकराव सोनुने सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते औंढ्याच्या देवळात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पोथी चालली होती आणि सगळी माणसे वाचणाऱ्याकडे तोंड करून बसली होती. एकच गृहस्थ उलटे, ऐकणाऱ्यांकडे तोंड करून बसलेले. माझी आई हळूच म्हणाली, "हे माणूस काहून बघून राहिलं आपल्याकडं?" आठवडाभराने हिंगोलीच्या महाविद्यालयात मानसशास्त्राच्या पहिल्या तासाला तेच गृहस्थ वर्गात आले.

त्यांचा प्रश्न साधा होता. डोळा ओला राहावा म्हणून जितक्या वेळा पापणी लवायला हवी, त्याहून कितीतरी जास्त वेळा ती लवते. मग बाकीच्या वेळा कशासाठी? सरांनी आम्हाला एकमेकांसमोर बसवले आणि गोष्ट सांगायला लावली. गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्याची पापणी थांबते आणि सांगणारा श्वास घ्यायला थांबला की ती खाली येते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. लक्ष जिथे विसावते तिथे पापणी लवते, असे सर म्हणत. उपकरणे नव्हती, ग्रंथालयात या विषयावरचे पुस्तक नव्हते. सर बाजारात, देवळात, बसस्थानकावर माणसांचे डोळे पाहत आणि संध्याकाळी प्रबंधाची पाने लिहीत.

मी हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या मेंढपाळ घरातला. परतीची जीप चुकली की सर मला घरी नेत. त्यांच्या पत्नी इंदूकाकू भाकरी वाढत आणि सर लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवत. काकू हट्टा गावच्या शेतकरी घरातल्या, हाताला उसंत नसलेल्या. वाचन सुरू असताना त्या तांदूळ निवडत, मध्येच उठून दूध बघून येत. सर कुरकुरत, की हिला माझे ऐकायला कधी वेळच नसतो.

पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागलो. दशक संपत आले होते. एके दिवशी सर मोठ्या आनंदाने म्हणाले, "आता इंदू ऐकते रे माझं. काम बाजूला ठेवून, पापणी न लवता." मीही ते पाहिले. काकू समोर स्वस्थ बसत, एकटक सरांकडे पाहत. कित्येक महिने सर त्या सुखात होते.

मग एका संध्याकाळी वाचता वाचता परिच्छेद संपला आणि सरांनी सवयीने मान वर केली. काकूंची पापणी लवली नाही. सरांनी पुढचा परिच्छेद वाचला, थांबले. तेव्हाही नाही. त्यांनी वही मिटली आणि कितीतरी वेळ ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काकूंचा आवाज बारीक झाला होता, उजवा हात मांडीवर थरथरत होता. हे सगळे त्यांना त्या क्षणी एकदम दिसले. नांदेडच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. या आजारात चेहरा हळूहळू थिजतो आणि पापण्या मंदावतात.

त्यानंतर घरातले वाचन बंद झाले. सर काकूंना भरवत, वेणी घालून देत, पण बोलत नसत. ती ऐकत होती हा आपला भ्रमच होता, असे त्यांनी मनाशी धरले होते. एकदा मी बसलो असताना काकूंनी फार कष्टाने विचारले, "वाचणं काहून बंद केलं तुमी?"

सर म्हणाले, "तुझं लक्ष असतं का, मला कळत नाही."

"मी ऐकून राहिले व्हते," काकू म्हणाल्या. "चेहऱ्यावर येत न्हाई, त्याला मी काय करू?"

सरांनी वही घेतली. त्यांना पान सापडेना. मी काढून दिले.

त्या वर्षी प्रबंध सादर होणार होता. सरांनी तो मागे घेतला. बाहेरून दिसते त्यावरून आतले लक्ष ओळखण्याची खात्री त्यांनी त्यात दिली होती आणि ती आता त्यांना पटत नव्हती. सहकाऱ्यांनी समजावले, की एक प्रकरण बदला, पदवी आणि बढती घालवू नका. सर म्हणाले, ते प्रकरण काढले तर मग उरते काय? काकूंच्या आजारपणात पुन्हा लिहिण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. एकदा वर्गात खिडकीबाहेर पाहणाऱ्या एका मुलीला दुसरे प्राध्यापक उठवून बाहेर काढत होते, तेव्हा सर दारात थांबून एवढेच म्हणाले, "ती ऐकत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मुलगी वर्गात बसली.

काकू न्यूमोनियाने गेल्या, त्याला आता दोन वर्षे होतील. शेवटच्या काही महिन्यांत त्यांची वाचा गेली होती. सर रोज वाचत. नंतर एकदा मला म्हणाले, "शेवटी शेवटी तिच्यापर्यंत पोचत होतं का, मला खरंच ठाऊक नाही. पण थांबायची भीती वाटायची."

आज सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि याच महिन्यात ते सेवानिवृत्तही होत आहेत. पुढच्या महिन्यापासून त्यांना महाविद्यालयात यायचे नाही आणि घरात कोणी वाट पाहणारे नाही. अशा माणसासाठी दीर्घायुष्य मागताना माझे मन कचरते. तरीही मी ते मागतो, आणि त्यात स्वार्थ आहे. शिकवताना समोरच्या मुलांपर्यंत काही पोचते की नाही, हे मलाही पुष्कळदा कळत नाही, आणि ज्यांच्याकडे जाऊन हे बोलावे असे दुसरे कोणी मला नाही. सरांची प्रकृती चांगली राहो, त्यांना पुष्कळ आयुष्य लाभो. रविवारी आम्ही जुने विद्यार्थी घरी येतो आहोत, सर. तुम्ही वाचा, आम्ही ऐकतो.