जिंकलेली जाहिरात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि दादाला तर — त्याच्यासमोर विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसेल. लोक मोबाइलवर काही शोधतात तेव्हा सगळ्यात वर जी जाहिरात दिसते, ती मी लिहिते. एकाच मालाच्या दोन-तीन वेगवेगळ्या करून सोडायच्या, जिच्यावर जास्त बोटं पडतील ती ठेवायची, बाकीच्या बंद. खामगावात घरी बसून करते. पिंपळगाव राजा गावची, शेतकऱ्याची पोरगी लॅपटॉपवर कमावते — केवढा तोरा होता मला!

त्या साली बोंडअळीने बीटी कपाशीलाही सोडलं नव्हतं. फवारणीचं औषध बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. मी दोन जाहिराती केल्या. पहिलीत होतं — तोंड-डोळे झाका, प्रमाण पाळा, वाऱ्यात फवारू नका. दुसरी आमच्या बोलीत लिहिली: ‘पऱ्हाटीले अळी लागली? एकाच फवाऱ्यात साफ!’ कपाशीला आम्ही पऱ्हाटी म्हणतो, हे कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांना कुठून सुचणार? आणि एका फवाऱ्यात अळी जात नाही, हे मला माहीत नव्हतं का? शेतात वाढले मी. माहीत होतं.

दुसरी धो धो चालली. पहिलीकडे कुणी ढुंकून पाहिना, म्हणून मी ती बंद केली. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी — खरं सांगते — खूश झाले.

दादाने तेच औषध आणलं. एका फवाऱ्यात अळी हटली नाही, तेव्हा त्याला वाटलं, आपणच पातळ केलं. मग औषध वाढवून त्याने भर वाऱ्यात पुन्हा फवारलं, उघड्या तोंडाने. सगळं तोंडावर आलं, डोळ्यांत गेलं. दवाखान्यातून जिवंत परतला, पण आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

मी भेटायला गेले तर म्हणाला, "मोबाइलवर पाह्यलं होतं बाई. आपल्या बोलीत लिवलं होतं, म्हून भरोसा ठेवला. आपल्याकडलंच कोणी असन, नाही?"

"असन," मी म्हणाले.

तेव्हा सांगता आलं असतं. त्याचा हात माझ्या हातात होता. पण त्याने तो सोडवून घेतला असता तर? त्याचे डोळे गेले होते आणि मी — मी माझा हात सांभाळत बसले होते. मला माझी किळस येते.

घरी आले. पहिली जाहिरात पुन्हा सुरू करायला एक बटण दाबायचं होतं. साहेबांचा निरोप येऊन पडला होता — हंगाम आहे, दुसरी अजून जोरात चालवा.

मी चालवली.