लोण्याच्या सुरीची गोष्ट

वैमानिकानं सगळ्यांदेखत माझं वजन विचारलं. सांगलीत कुणाची छाती झाली नसती! पण अलास्कातल्या बेथेल गावाहून पुढे जाणारं ते विमान म्हणजे आपल्या रिक्षाला पंख लावल्यासारखं, त्यामुळे सामानाबरोबर माणसंही तोलावी लागतात म्हणे. मी पाच किलो कमी सांगितले आणि मग उतरेपर्यंत त्या पाच किलोंसाठी देवाचा धावा करत बसले.

हा चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. माझी लेक शुभा डॉक्टर. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची नोकरी थोडे दिवस बाजूला ठेवून ती युपिक लोकांच्या (इथले मूळ रहिवासी) एका खेड्यात काम करायला निघाली होती. बरोबर सात वर्षांची मीरा, आणि मीराला सांभाळायला मी. माझा सांगलीला परतायचा दिवस जवळ आला होता आणि नातीनं अजून माझी एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नव्हती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी "एक होती..." म्हटलं की लगेच, "बोअरिंग, आजी!" माझ्या आजीकडून आलेल्या गोष्टी माझ्याबरोबरच संपणार, या विचारानं मला फार वाईट वाटायचं.

खेड्यात एक झाड नाही. सपाट हिरवी जमीन, चहाच्या रंगाची रुंद नदी, चिखलावर टाकलेल्या फळ्यांच्या वाटा आणि मावळायचं नाव न घेणारा सूर्य. दवाखान्यातली नर्स मार्था आम्हाला पहिल्याच संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये नाच बघायला घेऊन गेली. पुरुष गुडघ्यांवर बसलेले, बायका त्यांच्यामागे उभ्या, हातात पंखे, आणि बाजूला ताटाएवढ्या डफांचा ठेका. एक आजोबा सीलची शिकार कशी हुकली ते नाचून सांगत होते. गाणं संपलं तशी पोरंसोरं ओरडली, "पाम्युआ!" (म्हणजे पुन्हा एकदा). आजोबांना पुन्हा नाचावं लागलं, आणि या वेळी शिकार जास्तच फजितीनं हुकली. मीराही घसा फोडून ओरडत होती. मला थोडा हेवाच वाटला.

मग अकुताक आलं. बेरी, साखर आणि फेटलेली चरबी. पहिल्या चमच्याला मी म्हटलं, अगदी श्रीखंड! दुसऱ्या चमच्यानंतर शुभा म्हणाली, "आई, यात कधीकधी फिशपण असतो हं." तिसरा चमचा मी शुभाला दिला.

दुसऱ्या दिवशी होडीतून मार्थाच्या मासे वाळवायच्या तळावर गेलो. दांड्यांवर सामन माशाच्या लाल पट्ट्या टांगलेल्या. मार्थाची मुलगी एली मीराला घेऊन नदीकाठी पळाली. थोड्या वेळानं बघते तर एलीच्या हातात सुरी! मी साडी खोचून धावले आणि सुरी हिसकावून घेतली.

"अगं, लागेल ना! काय पोरी आहात!"

मार्था पोट धरून हसायला लागली. "ती गोष्टीची सुरी आहे. पूर्वी आजोबा नातीसाठी वॉलरसच्या सुळ्यातून कोरून द्यायचे. आता स्वयंपाकघरातली लोण्याची सुरी चालते. मुली चिखलात चित्रं काढत गोष्ट सांगतात. बहुतेक गोष्टी आजीच्या आणि नातीच्याच असतात."

एलीनं कमरेवर हात ठेवले. "सुरी तुमच्याकडे आहे. आता गोष्ट तुम्हीच सांगायची."

इंग्रजी मला कळतं, पण बोलता येतं ते भाजी आणण्यापुरतं. मी सरळ मराठीत सुरू केलं आणि चिखलात गच्ची काढली. एक होती आजी. तिनं पापड वाळत घातले आणि नातीला सांगितलं, कावळ्यांवर लक्ष ठेव.

"काय म्हणाल्या?" एलीनं मीराला विचारलं.

मीरा तोंड वाकडं करून इंग्रजीत सांगायला लागली. पापड म्हणजे काय, यावर ती अडली. "लाइक युअर फिश. पण राउंड."

कावळ्यांपासून वाळवण राखणं एलीला कुणी समजावून सांगायला नको होतं. ती पुढे सरकली. नातीनं ओले पापड स्वतःच खाल्ले आणि कावळ्यावर ढकललं. रात्री पोट दुखायला लागलं. आजी म्हणाली, ज्यानं खाल्ले त्याचंच पोट दुखत असणार, आपण कावळ्याला काढा पाजू. कावळा काही येईना.

इथं मी थांबले. एली मीराला हलवत होती. "मग? मग काय झालं?"

"मला नाही माहीत!" मीरा तिच्यावर ओरडली आणि माझ्याकडे वळली. "आजी, देन व्हॉट? सांग ना!"

त्या "सांग ना"साठी मी आणखी दहा विमानांत बसले असते. शेवटी गोष्टीतल्या नातीनं डोळे मिटून काढा प्यायला आणि गोष्ट संपली. "पाम्युआ!" एली ओरडली. पाठोपाठ मीरा. एलीनं तळव्यानं सगळं चित्र पुसून टाकलं. रांगोळी अशी लगेच पुसायला माझा हात धजावला नसता, पण पुसल्याशिवाय नवी जागा कुठून मिळणार? मी पुन्हा गच्ची काढली.

सनीव्हेलला परतलो. माझ्या निघायच्या दिवशी बॅगा दाराशी होत्या आणि मीराचा पत्ता नव्हता. अपार्टमेंटमागे मुलांच्या खेळायच्या वाळूत ती सापडली. शेजारची एक छोटी समोर बसलेली, आणि मीराच्या हातात आमच्याच स्वयंपाकघरातली लोण्याची सुरी.

"एक होती आजी," मीरा मराठीत म्हणत होती. "तिचा पापड होते. देन धिस काऊ, म्हणजे कावळा..."

शुभा गाडीतून हाका मारत होती. मी पदरानं डोळे टिपत गोष्ट संपेपर्यंत उभी राहिले. संपली तशी, विमान चुकलं तर चुकू दे म्हणत, भर कॅलिफोर्नियात मोठ्यांदा ओरडले, "पाम्युआ!"