भंगारात गेलेला आवाज

ती घटना आठवली की आजही, समोर वाजणारा फोन उचलताना माझा हात क्षणभर थांबतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीत वाहून आलेली प्रेतं पाहिली. काळ गेला तशी ती सगळी पुसट झाली. हे एक प्रकरण मात्र पहाटेच्या स्वप्नासारखं राहून गेलं आहे. नावं कोणाचीच सांगणार नाही. ही माणसं अजून इथेच राहतात, बाजारात भेटतात.

मीरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. दुपारची सुस्तावलेली वेळ. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते, तेवढ्यात एक गृहस्थ आले. वहिनीबद्दल बोलायचंय म्हणाले. घर इंद्रलोक वसाहतीत, मूळ गाव रत्नागिरीकडचं. त्यांचे मोठे भाऊ एका कॉल सेंटरमध्ये नव्या मुलांना शिकवायचे. आदल्या वर्षी हृदयविकाराने गेले. वहिनी शाळेत शिक्षिका. पण अलीकडे त्यांचं शाळेत जाणं बंद झालं होतं. ऊन उतरलं की मोबाईल मांडीवर घेऊन बाल्कनीत बसायच्या, कोणाशी तरी हळू आवाजात बोलायच्या. आणि नवऱ्याच्या विम्याचे पैसे खात्यातून थोडे थोडे कमी होत होते. दिराने विचारलं, कोणाला दिलेस? त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांना लागत होते."

मला वाटलं, एखादा बुवा भेटला असणार. दुःखात बुडालेल्या माणसाला नादी लावणारे लोक मी खूप पाहिलेत. मी महिला हवालदाराला घरी पाठवलं. तिने काय समजूत घातली ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी बाई तिच्यासोबत माझ्या केबिनमध्ये आल्या, दीरही बरोबर होते. साधी सुती साडी, शांत चेहरा. मी काही विचारण्याआधीच त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि एक रेकॉर्डिंग सुरू केलं.

"हॅलो, मी बोलतोय. माझा मोबाईल बंद पडलाय. हा नवीन नंबर सेव्ह करून ठेव."

भारदस्त, समजूतदार आवाज. शेजारी उभ्या असलेल्या दिराने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "हा दादाच आहे," ते म्हणाले. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. तो आवाजही दूर गेल्यासारखा वाटला.

रेकॉर्डिंगमध्ये मग बाईंचा आवाज आला. आधी बराच वेळ नुसता श्वास. आणि मग, "कुठे आहात? जेवलात का?"

"हो, जेवलो. एक काम कर, तुझ्या मोबाईलवर एक नंबर येईल, तेवढा सांग."

त्यांनी तो बँकेचा ओटीपी सांगितला होता. त्या दिवशी, आणि पुढेही प्रत्येक वेळी.

मी त्यांना विचारलं, "ताई, हे कोण बोलतंय असं वाटतं तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "ते गेलेत हे मला कळतं, साहेब. स्मशानात मी गेले होते. पण फोन वाजला की कळेनासं होतं. आणि मग ठेवावासा वाटत नाही."

फिर्याद द्यायला त्या तयार नव्हत्या. चोर पकडला की फोन बंद होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी दिराच्या फिर्यादीवरून फसवणुकीचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवला.

आमच्या सायबरच्या पोरांनी आवाजाचं कोडं लगेच सोडवलं. एखाद्याचं बोलणं पुरेसं हाताशी असलं, की आता संगणकावर वाक्य टाईप करायचं आणि ते हुबेहूब त्याच्या आवाजात ऐकवायचं, एवढं सोपं झालंय. पण नमुना आणला कुठून? सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर होतं. फोन कॉलपुरताच चालू व्हायचा आणि ठिकाण मीरा रोड स्टेशनच्या गजबजाटात दिसायचं. तिथे एका टॉवरखाली अख्खं गाव मावतं.

एक गोष्ट मी नोकरीत शिकलो होतो. दुःखी माणसाला गुन्ह्याबद्दल विचारू नये, गेलेल्या माणसाबद्दल विचारावं. मी बाईंना चहा दिला आणि त्यांच्या यजमानांबद्दल विचारलं. त्या हळूहळू बोलायला लागल्या. माशाच्या आमटीशिवाय त्यांना रविवार रविवारासारखा वाटायचा नाही. कामावर अगदी स्वच्छ, तोलूनमापून बोलायचे. घरी आले की चपलेबरोबर ते बोलणंही बाहेर काढून ठेवायचे. मग गावाकडचा हेल यायचा, शब्द नाकातून यायचे.

बोलता बोलता त्या थांबल्या. "साहेब, फोनवर ते तसे बोलत नाहीत. आणि मला नावाने हाक मारतात. ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, 'अगं' म्हणायचे." मग म्हणाल्या, "हा त्यांचा घरातला आवाज नाही. ऑफिसातला आहे."

तपासाला दिशा मिळाली ती या वाक्याने. पण ते बोलताना त्यांच्या हातून काय निसटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. त्यांनी स्वतःहून मोबाईल बंद केला आणि माझ्यापुढे सरकवला.

कॉल सेंटरचे मालक सज्जन गृहस्थ होते. काचेची केबिन, थंडगार हवा. आमच्याकडे सगळं पासवर्डमध्ये असतं, बाहेर काहीच जात नाही, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी जुन्या कॉम्प्युटरांचं काय केलं ते विचारलं. ते म्हणाले, जागा अडत होती, दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकले. कोणाला दिले? खाली हाक देत फिरणाऱ्या भंगारवाल्याला, तो टेम्पो घेऊन आला होता. आतल्या डिस्क? त्या आतच असतील. सगळं डिलीट केलं होतं. डिलीट केलं म्हणजे गेलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पुसलेली माहिती जाणकाराला परत काढता येते, हे मी सांगितल्यावर त्यांचा हात कॉफीच्या कपावरच थांबला. त्या भंगारवाल्याचं नाव, पत्ता, काहीच त्यांच्याकडे नव्हतं.

खबर मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. जुन्या भाईंदरकडच्या एक कोळी आजी त्याच आठवड्यात धुराची तक्रार घेऊन ठाण्यात आल्या. अंमलदार त्यांना महापालिकेचा रस्ता दाखवत होते. केबिनमधून मला आजींचा आवाज ऐकू आला.

"धूर हाय, पन लाकडाचा न्हाय. सुकत घातलेल्या मासळीला वास लागतो, गिऱ्हाईक हात लावत न्हाय."

मी बाहेर येऊन विचारलं, काय जाळतात तिथे? आजी म्हणाल्या, वायरी आणि कॉम्प्युटर. मिठागरापलीकडे, खारफुटीच्या आडोशाला. मी त्यांना गाडीत पुढे बसवलं.

दोन पंच सोबत घेऊन आम्ही पोचलो तेव्हा सूर्य खाडीकडे कलला होता. तो देखावा मी विसरू शकत नाही. मिठागराच्या पाण्यात लाल आभाळ उतरलं होतं, बांधावर बगळे स्तब्ध उभे होते, आणि मध्ये वायरींचे ढीग मंद जळत होते. तांब्यामुळे ज्वाळा हिरव्या-निळ्या दिसत होत्या. इतक्या सुंदर, की मी क्षणभर पाहतच राहिलो. मग वारा फिरला आणि घसा जळायला लागला. तोंडाला ओढणी बांधलेल्या बायका हातोडीने कॉम्प्युटरमधले सर्किटचे पाटे फोडत होत्या. एकीच्या बोटांची कातडी सोललेली होती. पाटे धुतलेलं तेजाबाचं पाणी चर काढून सरळ खाडीत सोडलं होतं. आजी त्या चराकडे बघत उभ्या राहिल्या.

ढिगाऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या अर्धवट जळक्या डब्यांवर त्या कॉल सेंटरची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. जागेच्या मालकाने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. "चालू माल जलता नहीं, साहेब. चालू माल अलग जाता है," तो म्हणाला. चालू डिस्क घ्यायला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला एकजण यायचा. ते दुकान त्याने आम्हाला दाखवलं.

दुकानात तशा डिस्कची चळत सापडली. पंचनामा करून मुद्देमाल सील केला, दुकानदाराला ताब्यात घेतलं. चाळिशीकडे झुकलेला, एकट्याने खोली घेऊन राहणारा माणूस. डिस्कमध्ये प्रशिक्षणाच्या तासांची रेकॉर्डिंग होती, आणि नोकरीला लागताना कर्मचाऱ्यांनी दिलेली घरच्यांची नावं नि नंबरही.

चौकशीत तो काहीच कबूल करेना. डिस्क घेतल्या, पण उघडल्या नाहीत, हे एकच पालुपद. मी आवाज चढवला नाही. चहा आला, तो पिऊ दिला. मग म्हटलं, "ज्याच्या आवाजात तू फोन करायचास, तो माणूस गेल्या वर्षीच वारलाय."

त्याला हे माहीतच नव्हतं. डिस्कमधला माणूस त्याच्या लेखी जिवंत होता, रोज कामावर जात होता.

"पण त्या बाई विचारायच्या, जेवलात का, दमलात का," तो म्हणाला.

"बाईंना माहीत होतं."

त्यानंतर तो सगळं बोलला. इतर कर्मचाऱ्यांच्या घरी त्याने असेच फोन केले होते. पण ते लोक लगेच खऱ्या माणसाला फोन लावायचे आणि डाव उलटायचा. या एकाच घरात कोणी तसा फोन लावला नाही. शेवटी त्याने सांगितलेली गोष्ट मी जबाबात लिहून घेतली, पण तिचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. शेवटचे काही फोन त्याने काहीच न मागता केले होते. जेवलास का असं त्याला विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मला त्याची दया आली, आणि त्याच्यावरचं दोषारोपपत्र मी तितक्याच काळजीने भक्कम केलं.

मिठागराजवळची ती जागा संबंधित खात्यांनी बंद केली. खात्यातून गेलेल्या पैशांपैकी बरेचसे बँकेने रोखून धरले होते, ते बाईंना परत मिळाले. कॉल सेंटरचे मालक स्वतः त्यांना भेटायला ठाण्यात आले. यजमानांच्या प्रशिक्षणाची एक मूळ फीत ऑफिसात होती, ती त्यांनी पेनड्राइव्हवर आणली होती. बाईंनी ती माझ्या केबिनमध्ये लावली. चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलावं, हे ते मुलांना शिकवत होते. मध्येच काहीतरी गमतीचं बोलले आणि मुलं हसली. बाईही हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ह्यात ते माझ्याशी बोलत नाहीयेत. पण खरं बोलतायत." पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवून त्या निघाल्या. पुढच्या सोमवारपासून त्या शाळेत जायला लागल्या, असं दिराने कळवलं.

मालकांनी नंतर जुनी यंत्रं परवानाधारक पुनर्वापर केंद्रालाच द्यायचं ठरवलं. तिथे डिस्क आधी समोर फोडून दाखवतात, मग तांबं, शिसं, प्लास्टिक नीट वेगळं करतात, कोणाच्या फुप्फुसात किंवा खाडीत न जाऊ देता, आणि तसं प्रमाणपत्र देतात. पहिल्या खेपेला ते स्वतः गाडीबरोबर गेले होते.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं: बंद पडलेलं यंत्र दाराबाहेर गेलं म्हणजे संपलं, असं होत नाही. ते कुठेतरी पोचतं, कोणाच्या तरी हातात पडतं, आणि तिथे त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. ते कसं असावं हे ठरवण्याची संधी मालकाला एकदाच मिळते, ते देताना.

आता मला व्यापाऱ्यांच्या बैठकांना बोलावतात. मी हे सगळं सांगतो. दर वेळी कोणीतरी दुकानदार किंवा कारखानदार हसून म्हणतो, साहेब, आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कसलं आलंय गुपित?

मी त्यांना विचारतो, "तुमच्याकडे माणसं कामाला आहेत ना? त्यांच्या घरचे नंबर कुठे ठेवलेत?"