बॉनी आणि गणपत

आमचे धाकटे दीर यादवराव इथे बहारीनच्या मनामात एका स्कॉटिश कंपनीच्या गोदामात बत्तीस वर्षं आहेत. कंपनीचं नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून आम्ही नुसतं ‘स्कॉट कंपनी’ म्हणतो. मूळ साहेब बोटीनं मुंबईला आला, तिथून इकडे. ह्या उकाड्यात लोकरीचं कापड विकायला! हुशारच माणूस. गासड्या शिवायला त्यानं महाडचा गणपत आणला, तो यादवरावांचा आजा.

औंदा कंपनीची शंभरी, म्हणून शोरूममध्ये प्रदर्शन. जुना फोटो भिंतीएवढा केला. साहेब खुर्चीत, शेजारी कुत्री, तिची साखळी धरून गणपत, मागे गासडी. खाली पाटी : ‘संस्थापक, त्यांची लाडकी बॉनी आणि एक नोकर.’

भावजींचं जेवणावरचं मनच उडालं. “वहिनी, गुरुवारी मी रिटायर. मग दोन दिवसांत व्हिसा खलास. त्याआधी आजोबांचं नाव लागलं पाहिजे.”

“कुत्रीचं कुठून कळलं त्यांना?”

“साहेबाच्या पत्रांतून. पानंच्या पानं लिहिलीत तिच्यावर.”

“मग आजोबांनी भुंकायला हवं होतं.”

ऑफिसातली निवेदिता, पुण्याची गोड पोरगी, म्हणाली, “काका, प्रूफ लागेल. बघू, इंशाल्ला.” म्हणजे झालंच!

फोटोतली गासडीही प्रदर्शनात होती, न उघडलेली. लोकर ती, घेणार कोण! पूर्वी गोदामात ज्याचा त्याचा टाका वेगळा असे. उसवलं तर शिव्या कोणाला घालायच्या ते कळावं म्हणून. गणपतचे तीन टाके पुढे, एक मागे, मग गाठ. तोच टाका भावजींच्या हातात आलाय. माझ्या मसाल्याच्या पिशव्या तेच शिवतात.

बुधवारी स्कॉटलंडहून साहेबाचा पणतू आला. भावजींनी माझी पिशवी गासडीला टेकवून धरली. पणतू आधी शिंकला, मग वाकून बघू लागला. पिशवी, गासडी, फोटो, तिन्हीकडे एकच टाका.

गुरुवारी नवी पाटी लागली : ‘संस्थापक, त्यांची लाडकी बॉनी आणि गणपत.’

“कुत्रीच्या मागेच लावलंय,” मी म्हटलं.

भावजी डोळे पुसत म्हणाले, “असू दे वहिनी. साखळी कोणाच्या हातात आहे ते दिसतंय.”

पिशवी मात्र पणतूनं ठेवून घेतली, मसाल्यासकट. आता ती काचेत आहे. खाली पाटी : ‘हातशिलाईची पिशवी, स्थानिक कारागीर.’

भावजींचं विमान शनिवारी आहे. मी निवेदिताला फोन लावलाय.