तुटक्या पायाचा ट्रान्झिस्टर

रिदम मशीनमधला जो एकच भाग मुद्दाम अर्धवट ठेवलेला होता, तोच मी दुरुस्त केला.

मशीन दादाचं. तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला बनारसहून गंगेपलीकडे पार रामनगरपर्यंत जायचा, तेव्हाचं. लाकडी पेटी, वर रंगीत बटणं. एक दाबलं की वॉल्ट्झचा ताल, दुसरं दाबलं की रुंबाचा. बनारसी वरातीला दोन्ही सारखेच. आत कुठलाही ढोल रेकॉर्ड केलेला नाही. सगळे आवाज विजेतूनच तयार होतात.

दादाला आता कंपवात आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, उंबरठ्यापाशी तर हमखास. पण मशीन लावलं की चालतो. ‘धुम्’वर एक पाऊल टेकतो, ‘छस्’वर दुसरं उचलतो. मी हौसेनं मोबाइलवर टिकटिक लावून दिली होती. थोडी ऐकून म्हणाला, “हे घड्याळ झालं. घड्याळ ऐकून माणूस बसून राहतो, चालत नाही.”

आणि एके दिवशी मशीनचा ‘छस्’ गेला. उरलं नुसतं धुम्, धुम्. दादाचं पाऊल टेकायचं, पण उचलायचं नाव घेईना. सकाळी दाराबाहेरच्या चबुतऱ्यावर त्याची मित्रमंडळी जमते. ती आत हाका मारायची आणि निघून जायची. दादा खाटेवरून “हो, येतो” म्हणायचा आणि भिंतीकडे वळायचा.

मी बँकेतला माणूस, पण सोल्डरिंगचा शौक जुना. वहिनी म्हणाली, “भाऊजी, कुणा मिस्त्रीला दाखवू या ना.”

“घरात मी असताना?”

“म्हणूनच म्हणतेय.”

दुपारी पेटी खोलली. धुळीत हात घालतो तोच एक ट्रान्झिस्टर दिसला. त्याला तीन पाय असतात. ह्याचा एक कापलेला. सापडला चोर! त्याला काढून नवा कोरा बसवला, तिन्ही पाय ऐटीत जोडून. जुना केरात फेकला. मग एक वाळलेला कपॅसिटरही सापडला, तोही बदलला. बटण दाबलं. धुम्. धुम्. बास. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. आपली पावलं तो चादरीखाली ओढून घेत होता. त्या वेळी मला मिस्त्री फार आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जरा शहाण्यासारखं काम केलं. छोट्या ॲम्प्लिफायरला सुई जोडली आणि आवाज कुठे अडतोय ते सोल्डरच्या एकेका टाक्यावर सुई ठेवून ऐकत मागे मागे गेलो. सगळीकडे चिडीचूप. शेवटी अगदी उगमाशी पोचलो, तर तिथे माझाच नवा ट्रान्झिस्टर. बिचारा अगदी निरोगी, आणि म्हणूनच गप्प. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जुन्याचा पाय तुटलेला नव्हता. तो एकसारखा, नीट कापलेला होता. बनवणाऱ्यानंच कापला होता! खरा बिघाड होता तो त्या वाळलेल्या कपॅसिटरचा.

“वहिनी, कालचा केर टाकला का हो?”

“दिवेलागणीनंतर कोण टाकतं केर? दाराआड आहे.”

ह्याच रिवाजावर मी तिला कितीदा विज्ञान शिकवलं होतं. आता उकिडवा बसून लसणाच्या सालींतून आणि केसांच्या गुंतवळांतून तेच विज्ञान शोधत होतो. सापडलं.

जुना लंगडा जागेवर बसवला आणि सुई ठेवली. खळखळाट! त्याच्यातून वीज उलटी रेटलेली असते. ती आतल्या आत फुटत राहते आणि त्याचाच हा अखंड गोंगाट. ना सूर, ना ताल. दशाश्वमेध घाटावरची गर्दी लांबून ऐकू यावी तसा. पुढचे भाग ह्या गोंगाटाचे तुकडे कापतात. इवलासा कापला की खुळखुळा, जरा रेंगाळू दिला की झांज. वर्षानुवर्षं वराती ज्या झांजेवर नाचल्या, ती मुळात हा गोंगाट! मी कितीतरी वेळ ऐकत बसलो. काहीच नसलेल्या कोलाहलातून कुणाला तरी झांज ऐकू आली होती. त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. चहा गार झाला.

पेटी बंद केली, बटण दाबलं. धुम्, छस्. धुम्, छस्.

दादा खाटेची कड धरून उठला. एक पाऊल टेकलं, दुसरं उचललं. हात थरथरत होते, पावलं नाही. वहिनीनं पोळी तव्यावरच राहू दिली. तो खोली ओलांडून दाराकडे येऊ लागला आणि मी दारात, तोंड उघडं टाकून, त्याच्या पायांकडे पाहत उभा. बाहेर चबुतऱ्यावर कुणीतरी “आइए गुरू!” म्हणालं. दादाचा पाय उंबरठ्यावरून उचलला गेला, हवेत आला, आणि दादा ओरडला,

“हट की रे, गधड्या! उंबरठ्यानं सोडलं, आता तू आडवा!”